बेसबॉल खेळून गोल्फकडे आलात आणि ड्रायव्हरचा स्लाइस परत परत येतोय? आधी हे तपासा

बरीच वर्षं बेसबॉल खेळून गोल्फकडे वळलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते आणि माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली. आयर्न (मधल्या अंतराचे लोखंडी क्लब) बरे लागतात, चिपिंग (छोटे फटके) जमतं, पण ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) हातात घेतला की बॉल निघतो झकास आणि मधेच उजवीकडे वळून झाडीत जातो. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, तासभर घाम गाळायचा, सरळ करायचा, आणि पुढच्या वेळी कोर्सवर तिसऱ्या-चौथ्या होलला स्लाइस, म्हणजे हेच उजवीकडचं वळण, परत हजर. (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचा.)

सुरुवातीला मला ज्यांनी शिकवलं त्यांनी सांगितलं की बेसबॉल विसर, तोच तुझा आजार आहे. मी ते मनावर घेतलं आणि सहा महिने सगळंच पुसायला बसलो, कंबर फिरवणं कमी केलं, पाय जमिनीला चिकटवले, नुसत्या हातांनी मारायला लागलो, आणि झालं काय तर लांबी गेली आणि स्लाइस होता तिथेच राहिला. निदानच चुकलं होतं. दोन्ही स्विंगचं इंजिन एकच आहे, ताकद जमिनीतून येते, आधी कंबर फिरते, तिच्यामागून छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी बॅट किंवा क्लब. ज्याला हा क्रम बॅटिंगमुळे आधीच अंगात आहे त्याने तो फेकून द्यायचा म्हणजे असलेलं घर पाडून झोपडी बांधण्यासारखं आहे. फरक आहे तो टोकाला काय धरलंय त्यात.

बॅट गोल असते. ऐकायला पोरकट वाटेल पण सगळं दुखणं इथेच आहे. बॅटचा जाड भाग जास्तीत जास्त २.६१ इंच व्यासाचा, म्हणजे साधारण ६६ मिलिमीटर, आणि ती स्वतःभोवती कितीही फिरवली तरी बॉलला लागणारी बाजू गोलच राहते. लाकडी बॅटचं लेबल अमुक बाजूला ठेव असं सांगतात ते बॅट तुटू नये म्हणून, लाकडाची रेघ योग्य बाजूने लागावी म्हणून, बॉलच्या दिशेशी त्याचा संबंध नाही. म्हणजे हजारो स्विंग मारूनसुद्धा तुमच्या मनगटांना 'आत्ता फेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) कुठे बघतोय' हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. क्रिकेट खेळलेल्याला तो निदान ओळखीचा असतो, त्याची बॅट सपाट असते आणि तोंड उघडं पडलं की बॉल भलतीकडे जातो हे त्याला लहानपणापासून माहितीये.

गोल्फ क्लबचं डोकं तर दांड्याच्या रेषेतही नसतं, एका बाजूला बाहेर लोंबत असतं. त्यामुळे बॅकस्विंगमध्ये फेस उघडतो आणि खाली येताना तो जवळजवळ पाव फेरा परत फिरवून बॉलपाशी सरळ आणावा लागतो. बॉल आणि फेस एकमेकांना चिकटून असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद, तिथे पोचल्यावर काही सुधारता येत नाही, जे काय करायचं ते आधीच झालेलं असायला लागतं.

त्यात माफी किती मिळते तेही बघा. बेसबॉलमध्ये एका फाउल लाइनपासून दुसऱ्या फाउल लाइनपर्यंत ९० अंशांचं मैदान तुमचं. गोल्फमध्ये २३० मीटरवर ३० मीटर रुंद फेअरवे (बॉल जिथे पडायला हवा तो कापलेल्या गवताचा पट्टा) धरला तर कोन येतो साडेसात अंशांच्या आसपास, आणि दिशा एक अंश चुकली की तेवढ्या अंतरावर ४ मीटरचा फरक, वळण वेगळंच. बेसबॉलचा टेड विल्यम्स आणि गोल्फचा सॅम स्नीड यांचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो, कुठला खेळ अवघड यावरून वाद चालला होता आणि स्नीड म्हणाला की तुला तुझे फाउल बॉल स्टँडमध्ये जाऊन खेळावे लागत नाहीत, मला लागतात. मला ते वाक्य फार पटतं, कारण बॅटिंग करताना आपण ज्या चुका मोजतच नाही त्याच इथे कार्डावर लिहाव्या लागतात.

आता तपासणी. काहीही न बदलता ड्रायव्हरने दहा बॉल मारा आणि दोनच गोष्टी बघा, बॉल निघाला कुठल्या दिशेने आणि मग वळला कुठे. सुरुवातीची दिशा मुख्यतः फेस ठरवतो. वळण ठरतं फेस आणि क्लब जायचा रस्ता यांच्यातल्या फरकावरून, फेस त्या रस्त्याच्या उजवीकडे बघत असला की बॉल उजवीकडे वळणार. एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं आपलं आपल्याला कळायला लागतं.

याच्या आधी एक छोटी चाचणी उरकून घ्या. पायाला लावायची पावडर स्प्रेच्या डब्यात मिळते, तिचा पातळ थर ड्रायव्हरच्या फेसवर मारा आणि दोन-तीन बॉल मारा. बॉलचा ठसा स्वच्छ उमटतो. ठसे दांड्याच्या बाजूला, म्हणजे हीलकडे असतील तर नुसत्या त्यानेही बॉल उजवीकडे वळतो, फेस आणि रस्ता दोन्ही बरे असले तरी. माझे दहातले सहा ठसे हीलकडे होते आणि मी महिनोन् महिने मनगटांशी भांडत बसलो होतो! असं असेल तर आधी उभं राहणं बघा, बॉलच्या फार जवळ उभे आहात का, आणि खाली येताना वजन टाचांवरून चवड्यांवर जाऊन अख्खं शरीरच बॉलकडे झुकतंय का.

ठसे मधोमध आहेत आणि तरी स्लाइस आहे, तर मग स्वतःला विचारा की बॅटिंग करताना तुम्ही कुठल्या प्रकारचे हिटर होतात. हे विचारलं की माझ्या अनुभवात अर्धं निदान होतं, आणि बहुतेक सल्ले फसतात तेही हा प्रश्न कोणी विचारत नाही म्हणूनच.

एक असतो पुल हिटर. बॉल ओढून डाव्या बाजूला मारणारा, पुढचा खांदा जोरात उघडणारा. हा गोल्फमध्ये आला की वरून खाली येताना खांदा आधी उघडतो, क्लब बाहेरून आत येतो, बॉल डावीकडे किंवा सरळ निघतो आणि मग केळ्यासारखा उजवीकडे वळतो.

दुसरा असतो उलट्या बाजूला मारणारा, ज्याला लहानपणापासून 'हात बॉलच्या आत ठेव, बॅटचा नॉब (मुठीकडचं टोक) बॉलकडे ने' असं घोकवलेलं असतं. याचा क्लब आतूनच येतो, रस्त्यात काही चूक नसते, पण हात पुढे आणि क्लबचं डोकं मागे राहून फेस उघडाच राहतो. याचा बॉल उजवीकडे निघतो आणि अजून उजवीकडे जातो. मी या दुसऱ्या प्रकारातला होतो. आता गंमत बघा, स्लाइसवर सगळीकडे पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे 'आतून मार, बाहेरून येऊ नकोस'. पहिल्या प्रकारच्या माणसाला तो लागू पडतो, दुसऱ्याने तो पाळला तर क्लब अजून उजवीकडे जातो आणि बॉल शेजारच्या होलवर! म्हणून तपासणी झाल्याशिवाय कुठलाही ड्रिल सुरू करू नका, खरंच सांगतो.

फेस दोघांनाही सुधारायचाच आहे, तेव्हा तिथून सुरुवात. आणि फेसची सुरुवात ग्रिपपासून.

बॅट धरताना दोन्ही मुठींची मधली हाडं एका रेषेत ठेवायची सवय असते, दार ठोठावताना जी वापरतो ती. तशीच पकड क्लबवर आली की डावा हात दांड्याच्या डावीकडे सरकतो आणि वरून बघितलं तर डाव्या मुठीचं एखादंच नकल (बोटाच्या मुळाचं हाड) दिसतं. या पकडीत फेस मिटवणं जवळपास अशक्य. दहाही बोटं दांड्यावर ठेवायची बेसबॉल ग्रिप चालते का असं बरेच जण विचारतात, तर चालते, करंगळी वर चढवा की अडकवा त्याने स्लाइस जात नाही, हात दांड्याभोवती किती फिरवलाय ते महत्त्वाचं.

करायचं असं. क्लब कमरेच्या उंचीला समोर सरळ धरा, फेसची खालची कड उभी दिसली पाहिजे, घड्याळातल्या बारासारखी. उजव्या हाताने तो तसाच पकडून ठेवा. आता डावा हात लावा, दांडा करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका जाऊ दे, तळव्यात खोल नको. अंगठा मधोमध न ठेवता जरासा उजवीकडे. वरून बघितल्यावर दोन नकल्स पूर्ण आणि तिसरं अर्धं दिसलं पाहिजे, आणि अंगठा-तर्जनीमधली चिमट उजव्या खांद्याकडे बघायला हवी. मग उजवा हात, त्याचीही चिमट त्याच दिशेला. आता क्लब जमिनीवर टेकवा. इथे एक सापळा आहे ज्यात मी कितीतरी दिवस अडकलो होतो, नवीन ग्रिप विचित्र वाटते म्हणून क्लब टेकवताना हात नकळत जुन्या जागी वळतात आणि अख्खा फेसच उघडतो, वरून नकल्स तेवढीच दिसतात पण फायदा शून्य. म्हणून ग्रिप नेहमी हवेत घ्यायची, कड बारावर ठेवून.

पहिले दहा-वीस बॉल डावीकडे आणि खालून जातील. जाऊ दे, हे चांगलं लक्षण आहे, फेस मिटतोय एवढंच त्यातून कळतं.

आता मनगटांचं बघू, आणि बेसबॉलवाल्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा असं माझं मत आहे. बॅटिंगमध्ये कॉन्टॅक्टच्या क्षणी उजवा तळवा आकाशाकडे असतो आणि डावा जमिनीकडे. मनगटं वळतात ती बॉल गेल्यावर. आधी वळली की बॉल जमिनीत जातो, ग्राउंडर बसतो, आणि कोच ओरडतो. म्हणजे आपण वर्षानुवर्षं मनगटं लवकर न वळू देण्याचंच शिक्षण घेतलेलं असतं. गोल्फमध्ये बॉलपाशी उजवा तळवा टार्गेटकडे बघायला हवा, कोणाशी हात मिळवायला पुढे केल्यासारखा, आणि लगेच पुढे तो जमिनीकडे वळत जातो. बेसबॉलमध्ये जे वळण बॉलनंतर येतं तेच इथे बॉलच्या जरा आधी सुरू व्हायला हवं. वेगळी हालचाल शिकायची नाहीये, असलेल्या हालचालीची वेळ अलीकडे आणायचीये.

ड्रायव्हर कमरेच्या उंचीला धरा, अगदी बॅटसारखा, आणि समोर कमरेइतका उंच पिच, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल, आलाय असं समजून आडवा स्विंग करा. मागे गेल्यावर क्लबचं टोक, म्हणजे टो, आकाशाकडे. काल्पनिक बॉलपाशी फेस थेट पिचरकडे. पुढे गेल्यावर टो परत आकाशाकडे. आधी सावकाश करा, मग वेग वाढवा. इतकी वर्षं जो स्विंग हातात आहे त्यातच फेसची जाणीव मिसळली जाते, म्हणून हा ड्रिल आपल्यासारख्यांना लगेच लागू पडतो. दहा स्विंग झाले की कमरेतून थोडं वाका आणि तोच स्विंग गुडघ्याच्या उंचीला, मग अजून वाकून जमिनीला. वाकायचं ते कंबरेच्या सांध्यातून, पाठ गोल करून नाही, आणि हातांनी खाली 'जायचं' नाही, शरीर वाकलं की तोच आडवा स्विंग आपोआप तिरका होतो. दोन्ही खेळांतला दिसणारा फरक बराचसा एवढाच आहे, छाती कुठे बघतेय.

मनगटं तरीही गोठलेलीच राहत असतील तर दोन्ही हातांत चार बोटांचं अंतर ठेवून क्लब धरा आणि हळू अर्धे स्विंग मारा, उजवा हात डाव्यावरून कसा पार होतो ते लगेच जाणवतं.

वजनाचाही यात हात आहे. बॅट साधारण ८५ सेंटिमीटर लांब आणि ९०० ग्रॅमच्या आसपास. ड्रायव्हर ११५ सेंटिमीटरच्या पुढे आणि वजन तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम, त्यातले दोनशेच्या आसपास एकट्या डोक्यात. बॅटला लावायची ताकद लावून आपण ड्रायव्हरचा दांडा ओढला की हात पुढे पळतात आणि लांबवरचं डोकं मागे राहतं, उघडं. शिवाय पिचर जिथून टाकतो तो रबर ते बॅटरसमोरची होम प्लेट हे अंतर १८.४४ मीटर, ताशी १५० किलोमीटरचा बॉल ०.४ सेकंदांच्या आसपास पोचतो, त्यामुळे घाई ही बॅटरची गरजच असते. गोल्फचा बॉल कुठेही जात नाही, टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर, बसून असतो. क्लब पूर्ण मागे जाऊ द्या.

आता पहिल्या प्रकारवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचा खांदा लवकर उघडतो. बॉल कुठे ठेवताय ते बघा. बॅटर कॉन्टॅक्ट पुढच्या पायाच्या पुढे करतो, त्यामुळे डोळ्याला बॉल पुढेच बरा वाटतो आणि टी हळूहळू डाव्या बुटाच्या टोकापलीकडे सरकत जातो. तिथपर्यंत पोचायचं तर खांदा उघडावाच लागतो. टी डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर आणा. मग उजवा पाय बुटाच्या लांबीइतका मागे घेऊन काही बॉल मारा, आणि बॉलच्या बाहेरच्या बाजूला वीतभरावर क्लबचं कव्हर ठेवा, क्लब बाहेरून आला तर कव्हर उडेल.

रुमालाचा जुना ड्रिलही करा. सॅमी बर्ड नावाचा खेळाडू होता, १९२९ ते १९३४ न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाकडे, तिथला नावाजलेला बॅटर बेब रूथच्या जागी उशिराच्या इनिंगमध्ये मैदानात उतरायचा. पुढे तो व्यावसायिक गोल्फर झाला, पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांमध्ये) सहा स्पर्धा जिंकला, १९४५ च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये गोल्फर बायरन नेल्सनकडून हरला. बेसबॉलची वर्ल्ड सिरीज आणि गोल्फची मास्टर्स या दोन्ही मोठ्या स्पर्धा खेळलेला तो एकटाच. बर्ड सांगायचा की रूथ सरावात काखेत रुमाल ठेवून बॅटिंग करायचा, आणि तीच युक्ती त्याने गोल्फमध्ये आणली. डावी काख छातीला लागून राहिली की हात आणि धड एकत्र फिरतात, खांदा एकटा पुढे पळत नाही. अर्ध्या स्विंगला रुमाल पडू द्यायचा नाही, पूर्ण स्विंगच्या शेवटी पडला तर काही बिघडत नाही. बेसबॉल विसरा म्हणणाऱ्यांना मी बर्डचं नाव सांगतो.

पाय उचलून पुढे टाकायची सवय, स्ट्राइड, तीही मारून टाकू नका. दोन्ही पाय जुळवून उभे राहा, क्लब मागे जात असताना, पूर्ण वर पोचायच्या जरा आधी, डावा पाय पुढे टाका आणि मारा. कंबर आधी, हात नंतर हा क्रम यातून टिकतो. फक्त डोकं पायाबरोबर पुढे जायला नको, ड्रायव्हरला ते बॉलच्या मागेच राहिलं पाहिजे.

दुसऱ्या प्रकारवाल्यांनी यातला उजवा पाय मागे घ्यायचा आणि कव्हरचा भाग सोडूनच द्या. तुमचं काम ग्रिप आणि कमरेच्या उंचीचा स्विंग, बस.

आयर्नमध्ये बॉलच्या मागे जमीन लागते किंवा क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागून तो टॉप होतो अशीही तक्रार असते, त्याचं थोडक्यात. फास्टबॉल प्लेटवर येताना पाच-सहा अंशांनी खाली येत असतो, म्हणून बॅटर किंचित वर मारतो आणि ते बरोबरच आहे. टीवरच्या ड्रायव्हरला ते चालतं, उलट फायद्याचं. पण जमिनीवरच्या बॉलला आयर्नने मारताना क्लबचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या पुढे हवा. बॉल मध्याजवळ ठेवा, त्याच्या मागे वीतभरावर टॉवेल टाका आणि टॉवेलला न लागता मारा. पण स्लाइसचं काम चालू असताना हे एकाच दिवशी करू नका, दोन्ही बिघडतं.

आता स्लाइस परत का येतो ते. पहिलं कारण, कोर्सवर एक-दोन बॉल उजवीकडे गेले की आपण डावीकडे नेम धरतो. पाय डावीकडे, खांदे डावीकडे, मग क्लबही डावीकडे जातो, फेस त्या मानाने अजून उघडा आणि बॉल अजून वळतो. मग अजून डावीकडे नेम. हे चक्र तोडायला बॉलच्या मागे उभं राहून दोन-तीन फुटांवरचं एखादं पान किंवा डाग निवडा आणि फेस त्याच्याकडे लावून मगच पाय लावा. दुसरं कारण ग्रिप. ती आठवड्यागणिक सुतासुताने जुन्या जागी सरकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. डाव्या ग्लोव्हच्या तळव्याच्या खालच्या भागात कातडं झिजलेलं, भोक पडलेलं दिसलं तर समजा दांडा परत बोटांतून तळव्यात गेलाय. तिसरं म्हणजे जोर, लांब होल दिसलं की मूठ आवळली जाते आणि आवळलेल्या मुठीत मनगट वळत नाही.

आणि रेंजवरचा सराव. एकाच क्लबने सलग पन्नास बॉल मारले की पंधराव्या बॉलपासून हात आपोआप सरळ मारतात, पण कोर्सवर ड्रायव्हर दहा-पंधरा मिनिटांनी एकदाच हातात येतो. म्हणून मी आता रेंजवर एक ड्रायव्हर, मग एक सात नंबर आयर्न, मग एक वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) असं आलटून पालटून मारतो, प्रत्येक वेळी हात पूर्ण सोडून ग्रिप हवेत नव्याने घेतो, आणि कोर्सवर प्रत्येक ड्राइव्हच्या आधी कमरेच्या उंचीचे दोन स्विंग. अजूनही बेसबॉल खेळत असाल तर सामन्यानंतरच्या पहिल्या गोल्फच्या दिवशी हे दोनाचे दहा करा. ड्रायव्हरचा लॉफ्ट (फेस मागे झुकलेला कोन) एक-दीड अंश वाढवून घेतला तरी वळण कमी होतं, जुना ९ अंशांचा वापरत असाल तर जरूर बदला, पण ग्रिपच्या आधी नको, नाहीतर खरं काय सुधारलं ते कळणार नाही.

दोन-तीन आठवड्यांनी बॉल डावीकडे जायला लागला तर लगेच ग्रिप परत जुनी करू नका. आधी पायांच्या टोकांशी एक क्लब जमिनीवर आडवा ठेवून नेम बघा, स्लाइसच्या दिवसांतला डावीकडचा नेम बहुतेक तसाच राहिलेला असतो. नेम सरळ असूनही डावीकडेच वळत असेल तर अडीचऐवजी दोन नकल्सवर या, आणि पाच-सात दिवस त्यावरच खेळून बघा.